पिवळ्या रेघेची शेजारीण

१८६८ सालची श्रावणातली अमावास्या, म्हणजे १८ ऑगस्ट. सकाळची वेळ, आणि जमखंडीवर ढगांची ये-जा चाललेली. पटवर्धनांच्या या संस्थानी गावात लेफ्टनंट जॉन हर्शेल नावाचा तिशीतला लष्करी इंजिनिअर दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. नोकरी सर्वेक्षण खात्यात, जमीन त्रिकोणांनी मोजण्याची. पण लंडनच्या रॉयल सोसायटीने खास उपकरणे धाडून त्याच्यावर आभाळातले काम सोपवले होते. त्या दिवशी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून घाट चढून निपाणी, जमखंडी, विजापूर करत पुढे गुंटूर आणि मच्छलीपट्टणकडे जाणार होती. ऑगस्टात घाटाच्या पश्चिमेला सूर्य दिसेल याची हमी कोण देणार? म्हणून घाटापासून लांब, कमी पावसाच्या मुलखात मुक्काम पडला. तरी ढगांनी पाठ सोडली नाहीच. खग्रासाच्या त्या मोजक्या मिनिटांतली बरीचशी ढगांनी खाल्ली. मधल्या एका फटीत हर्शेलला सूर्याच्या कडेवरची एक ज्वाळा सापडली, आणि वर्णपटदर्शकात तिचा प्रकाश तीन सुट्या रेघांत फुटला: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. सलग इंद्रधनुष्य नाही, फक्त रेघा. म्हणजे सूर्यावरच्या त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, हे त्या काही क्षणांत ठरले. कुठल्या वायूच्या, हा प्रश्न राहिला. त्या नारिंगी-पिवळ्या रेघेचे पुढे जे झाले ते आज शुक्रावरच्या एका वायूबद्दल चाललेल्या वादाला इतके लागू पडते, की शुक्राकडे जाण्याआधी जमखंडीत जरा थांबायला हवे.

पिवळी रेघ म्हटली की त्या काळच्या माणसाला एकच नाव सुचायचे: सोडियम. त्यात त्याचे काही चुकले नाही. चिमूटभर मीठ गॅसच्या ज्योतीवर पडले तर जो झगझगीत पिवळा उठतो तो सोडियमचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत बेळगावच्या खडेबाजारासारख्या पेठांतून रात्री जो पिवळट उजेड पसरायचा, ज्यात लाल लुगडेही मातकट दिसायचे, तोही सोडियमच्या दिव्यांचाच. वर्णपटात या पिवळ्याला ‘डी’ म्हणतात, आणि नीट पाहिले तर त्या दोन रेघा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. हर्शेलने आपल्या उपकरणावर माप घेतले आणि आपली नारिंगी रेघ ‘डी’च आहे असा निर्वाळा दिला, मात्र आपल्या यंत्राला जितके ओळखता येते तितक्यापुरतेच हे म्हणणे आहे, अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती महत्त्वाची. कारण ती रेघ ‘डी’ नव्हती. ती ५८७.६ नॅनोमीटरवर होती, म्हणजे हजारात दोन-अडीच भाग इतकी बाजूला. मच्छलीपट्टणला नॉर्मन पॉगसनला ती ‘डी’च्या जवळ पण नेमकी तिच्यावर नाही अशी शंका आली होती. गुंटूरला फ्रेंच खगोलज्ञ झान्सेनने दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही ज्वाळांच्या रेघा पाहून दाखवल्या. आणि २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून, ग्रहणाशिवाय, नॉर्मन लॉकियरने ती रेघ सोडियमच्या जोडीपासून स्पष्ट अलग पाहिली. तिला ‘डी-३’ म्हटले गेले, आणि लवकरच तिच्या मालकाला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम.

नाव मिळाले म्हणजे वस्तू मिळाली असे मात्र कुणी मानले नाही. पृथ्वीवर असा पदार्थ कुणाच्याच हाती लागलेला नव्हता, आणि मेंडेलीव्हसारख्या जाणकाराला एका रेघेवर आख्खे मूलद्रव्य उभे करणे मान्य नव्हते. हे सनातनीपणाचे लक्षण म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. त्याच काळात अशाच एकट्यादुकट्या रेघांवर आणखी दोन मूलद्रव्ये उभी राहिली होती. तेजोमेघांतल्या हिरव्या रेघांवरून नेब्युलियम, आणि १८६९च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात दिसलेल्या हिरव्या रेघेवरून कोरोनियम. दोन्ही पुढे विरून गेली. नेब्युलियम म्हणजे अतिविरळ अवकाशात दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आपला ओळखीचाच ऑक्सिजन, हे १९२७ साली आयरा बोवेनने दाखवले. आणि कोरोनियम म्हणजे लाखो अंश तापून तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड, हे कळायला १९४०च्या आसपासचा काळ उजाडला. तिन्ही रेघा खऱ्या होत्या, तिन्ही पाहणारे प्रामाणिक होते. तीनपैकी एकच नवे मूलद्रव्य निघाले. हेलियमचा निकाल लागला तो २७ वर्षांनी. मार्च १८९५मध्ये लंडनला विल्यम रॅमसेने क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू नळीत भरून पेटवला आणि ती रेघ समोर आली. तरीही गोष्ट संपली नाही, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जर्मनीत कार्ल रुंगेने तपासले तर नळीतल्या वायूची रेघ एकेरी नव्हती. तिला अगदी चिकटून एक फिकट जोडीदारीण होती. सूर्याच्या रेघेला अशी जोडीदारीण कुणी पाहिलेली नव्हती. म्हणजे पुन्हा पंचाईत. मग दुर्बिणी परत सूर्याकडे वळल्या, आणि ती फिकट रेघ तिथेही निघाली. दुसऱ्या रेघेने पहिलीची साक्ष पटवली, तेव्हा कुठे प्रकरण बंद झाले.

जाता जाता एक गोष्ट. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, लॉकियरने किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून तो लावला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. लॉकियर विजयदुर्गावर आला होता हे खरे, पण ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. १८६८ साली तो इंग्लंडातच होता. आपल्या मुलखाचा या शोधाशी खरा संबंध आहे तो जमखंडीतून, आणि तोही रेघ पाहून ती चुकीच्या घरी पोचवण्याचा. अभिमानाला हे जरा कमी भरते, म्हणूनच बहुधा आपण ते विसरलो. पण रेघ दिसणे आणि रेघ ओळखणे या दोन कामांमध्ये किती अंतर असते हे शिकायला जमखंडीइतकी चांगली जागा सापडणार नाही.

आता शुक्र. खडेबाजारात दुकानांच्या फळ्या निघण्याआधी, दुधाच्या गाड्यांच्या वेळेला, वर्षातले कित्येक महिने जी ठळक चांदणी दिसते ती हीच. पुराणांनी संजीवनी विद्या शुक्राचार्यांच्याच पदरात घातली हा योगायोग गमतीचा आहे, कारण ग्रह म्हणून शुक्र हे जिवाला सर्वांत वाईट ठिकाण. जमिनीवर ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता आणि आपल्या नव्वदपट हवेचा दाब. पण वर, पन्नास-साठ किलोमीटरवरच्या ढगांत, तापमान आपल्या चैत्र-वैशाखासारखे उतरते. म्हणून १९६७ साली कार्ल सेगन आणि हॅरॉल्ड मोरोविट्झ यांनी त्या ढगांत सूक्ष्मजीव असू शकतील अशी कल्पना गंभीरपणे मांडली होती. अडचण इतकीच की ते ढग पाण्याचे नसून तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे आहेत. १४ सप्टेंबर २०२० रोजी, कोरोनाने जग घरात कोंडले असताना, कार्डिफ विद्यापीठाच्या जेन ग्रीव्हज आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले की या ढगांच्या थरात फॉस्फिन वायूची खूण मिळाली आहे. जून २०१७मध्ये हवाईच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीतून आणि मार्च २०१९मध्ये चिलीतल्या ‘अल्मा’मधून त्यांना १.१२३ मिलिमीटर लहरीवर एक खाच दिसली. प्रमाण शंभर कोटी रेणूंमागे सुमारे वीस. पृथ्वीवर हा वायू एकतर माणूस करतो, नाहीतर ऑक्सिजन नसलेल्या चिखलात आणि सांडपाण्यात, जिथे तसे सूक्ष्मजीव राबत असतात तिथे, तो अल्प प्रमाणात सापडतो. शुक्राच्या हवेत तो फार काळ टिकू नये, म्हणजे काहीतरी तो सतत तयार करत असले पाहिजे. वीज, उल्का, खडक, सूर्यप्रकाश यांची सगळी ज्ञात रसायने मांडून पाहिली तर हिशेब जुळत नव्हता. उरली दोन नावे: अज्ञात रसायन किंवा जीव.

बातमी ‘जीव’ या शब्दावर स्वार होऊन गेली, वाद मात्र रेघेपाशीच अडला. फॉस्फिनच्या त्या लहरीला अगदी खेटून सल्फर डायऑक्साइडचीही एक रेघ आहे. अंतर दहा लाखांत चार-पाच भागांचे. त्यापुढे हर्शेलची ‘डी’ आणि ‘डी-३’ म्हणजे परगावच्या वाटाव्यात. आणि सल्फर डायऑक्साइड शुक्रावर आहे हे तर सर्वांना आधीपासून ठाऊक. त्यात ‘अल्मा’च्या आकड्यांवरच्या प्रक्रियेतच एक गफलत निघाली, ती दुरुस्त केल्यावर ग्रीव्हज यांच्याच चमूने प्रमाण वीसवरून सरासरी एकाच्या आसपास आणले. दुसऱ्या काही गटांनी तीच मापे निराळ्या रीतीने गाळली तेव्हा खाच नाहीशी झाली, तर काहींनी ती सल्फर डायऑक्साइडच्या नावावर मांडली. विमानात बसवलेल्या ‘सोफिया’ दुर्बिणीने दुसऱ्या लहरींवर शोधले आणि शंभर कोटींत ०.८ पेक्षा जास्त फॉस्फिन नाही, अशी मर्यादा घातली. मूळ चमूने तीच मापे पुन्हा तपासून एकाच्या आसपास फॉस्फिन त्यांतच दडले आहे असे म्हटले. त्याआधीच कुणाला १९७८ची आठवण झाली होती. त्या डिसेंबरात पायोनिअर यानाची कुपी शुक्राच्या ढगांतून खाली गेली होती आणि तिने रेणूंचे वजन मोजले होते. ते जुने कागद उलगडले तर ३४ वजनाची खूण मिळाली. फॉस्फिनचे वजन ३४. हायड्रोजन सल्फाइडचेही ३४. शेजारीण इथेही हजर! बाजूने सांगायचे तर त्या जुन्या कागदांच्या फेरवाचनात फॉस्फिनच्या तुटक्या तुकड्यांशी जुळणाऱ्या खुणाही आहेत, म्हणून ते अगदीच टाकाऊ नाही.

इथे कुणी म्हणेल, तुमचेच उदाहरण तुमच्यावर उलटते. जमखंडीत ओळखीच्या शेजारणीचे नाव लावले आणि नवी खरी निघाली. मग शुक्रावरही ‘सल्फर डायऑक्साइडच असेल’ म्हणणारेच उद्या हर्शेल ठरणार नाहीत कशावरून? प्रश्न रास्त आहे, आणि तसे होऊही शकते. पण हेलियम जिंकला तो कशाने, हे पाहावे. त्याच्या बाजूचे लोक जास्त आशावादी होते म्हणून नव्हे. मोजणारी यंत्रे सुधारली तसतशी ‘डी-३’ सोडियमपासून अधिक दूर, अधिक ठळक होत गेली. मग दुसऱ्या जागी, दुसऱ्या रीतीने, नळीतल्या वायूत ती भेटली. आणि शेवटी तिची फिकट जोडीदारीणही भेटली. फॉस्फिनचे आजवर उलटे होत आले आहे. जितके बारकाईने पाहावे तितका आकडा खाली: वीस, एक, एकाहूनही कमी. मॅक्सवेल दुर्बिणीवरची पुढची मोहीम पुन्हा तीच खाच दाखवते आणि सकाळ-संध्याकाळच्या फरकाने विरोधी निकालांची सांगड घालू पाहते. मोहिमेचे प्रमुख डेव्ह क्लेमेंट्स यांनी २०२४मध्ये ते मांडले. हट्ट म्हणून मी ते बाजूला सारणार नाही. पण ते पुन्हा पहिल्याच रेघेबद्दल आहे. फॉस्फिनची दुसरी, स्वतंत्र रेघ अजून निर्विवाद हाती नाही.

समजा, ती उद्या मिळाली. फॉस्फिन आहे, ठरले. मग जीव आहे का? इथे निपाणीच्या वखारींकडे वळावे लागते. साठवलेल्या तंबाखूत एक बारीक तांबूस किडा पडतो, पानांची चाळण करतो. त्याच्यावर जगभर वापरतात तो उपाय म्हणजे फॉस्फिन. थप्पीवर ताडपत्री ओढायची, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या, आत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या करड्या गोळ्या ठेवायच्या. तीन ग्रॅमची गोळी हवेतला ओलावा पिऊन एक ग्रॅम वायू सोडते आणि मागे राखुंडी उरते. ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशीचे काम हा वायू बंद पाडतो, म्हणून किडा मरतो आणि निष्काळजी माणूसही. लसणासारखा जो वास त्याची वर्दी देतो तोसुद्धा शुद्ध फॉस्फिनचा नसतो. शुद्ध फॉस्फिनला वासच नाही, वास त्याच्याबरोबरच्या अशुद्धींचा. म्हणजे फॉस्फाइड आणि ओलावा एकत्र आले की फॉस्फिन; मधे जिवाची गरज नाही. गोळी माणसानेच कारखान्यात केली हे खरे, पण निसर्गाला कारखाना लागतोच असे नाही. ट्रुआँग आणि लुनाइन यांनी २०२१मध्ये सुचवले की शुक्राच्या पोटातले फॉस्फाइड ज्वालामुखी वर फेकत असतील आणि आम्लाच्या ढगांशी त्याची गाठ पडत असेल. त्यासाठी ज्वालामुखी फारच जोरात लागतील, असे उत्तर त्यांना मिळाले. आणि २०२३मध्ये मॅगेलन यानाच्या १९९१च्या चित्रांत मात मॉन्स या ज्वालामुखीजवळचे एक मुख आठ महिन्यांत बदललेले सापडले, म्हणजे शुक्र निदान झोपलेला नाही. यातून ज्वालामुखीचा पक्ष सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की ‘बाकी सगळी कारणे संपली’ असे जे २०२० साली म्हटले गेले, त्या यादीला वर्षभरात एक नाव जोडले गेले. नेति-नेतीने सत्य गाठायचे तर नाकारायच्या गोष्टींची यादी पुरी हवी. आपल्याला शुक्राची रसायने इतकी पुरी ठाऊक नाहीत.

मंगळाने हा धडा तीनदा दिला आहे. विल्यम सिंटनला १९५०च्या दशकात मंगळाच्या प्रकाशात वनस्पतींसारख्या सेंद्रिय पदार्थांच्या खाचा दिसल्या, जगभर गाजल्या. १९६५ साली उलगडा झाला की त्यांतल्या ठळक खाचा आपल्याच डोक्यावरच्या हवेतल्या जड पाण्याच्या होत्या. ऑगस्ट १९६९मध्ये मरिनर ७ जवळून गेल्यावर जॉर्ज पिमेंटेलने दोन दिवसांत पत्रकारांना मिथेन आणि अमोनिया सांगितले. थोड्याच दिवसांत ते गोठलेला कार्बन डायऑक्साइड निघाले. मग खऱ्या मिथेनचा पाठलाग सुरू झाला. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीला ते जमिनीलगत सापडते, वरून फिरणाऱ्या युरोपच्या यानाला जवळजवळ काहीच नाही. त्या पाठलागात आपणही होतो: ५ नोव्हेंबर २०१३ला निघून २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाभोवती पोचलेल्या मंगळयानावर मिथेन शोधणारे उपकरण होते. कार्बन डायऑक्साइडच्या रेघांतून मिथेनची रेघ वेगळी काढणे त्याच्या रचनेला झेपले नाही, आणि त्याचा उपयोग मंगळावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाचा नकाशा करण्याकडे वळला. यान तिथे पहिल्याच झटक्यात पोचले याचे कौतुक कमी होत नाही. पण शेजारणीने तिथेही गाठले.

शेवटची हरकत अशी की या हिशेबाने जीव कधीच सापडणार नाही. काहीही दिसले तरी ‘दुसरे कारण असेल’ म्हणता येईल. तसे नाही, कारण एका ग्रहावर ही चाचणी पार पडलेली आहे. डिसेंबर १९९०मध्ये गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेले तेव्हा सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या उपकरणांना पृथ्वी अनोळखी समजून तपासायला लावले. भरपूर ऑक्सिजन, आणि त्याच्या सोबतीला मिथेन, जे दोघे एकत्र टिकूच नयेत. हिरव्या पानांमुळे तांबड्या प्रकाशात पडणारी खाच. वर रेडिओचा गलका. एकेक खूण खोडता आली असती, सगळ्या मिळून खोडता येत नव्हत्या. याच शिस्तीचे जवळचे उदाहरण कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे. जीवन अवकाशातून आले असावे या मताचे ते सहानुभूतीदार होते. त्यांच्या पुढाकाराने २००५मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा आणली, तीत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला फ्रेड हॉईलचे, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. मनाजोगते फळ हातात पडले असताना, हे जीवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत असे यातून ठरत नाही, हे त्या चमूने २००९मध्ये स्वतःच जाहीर केले.

शुक्राकडे आता पुन्हा रांग लागते आहे. १८ सप्टेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या शुक्रयानाला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले. उड्डाणाचा बेत मार्च २०२८चा आहे. जमखंडीच्या ग्रहणाला त्याच वर्षी १६० वर्षे होतील. इस्रोचे यान मात्र शुक्राभोवती फिरणारे आहे, ढगांत उतरणारे नाही. उतरायचे काम नासाच्या दाविंची मोहिमेचे: तिची कुपी पॅराशूटला लटकत, वाटेत हवेचे घोट घेत, सुमारे तासाभरात जमिनीपर्यंत जायची आहे. ३४ वजनाच्या दोन शेजारणींना सुटे करण्याची संधी त्या तासात आहे.